बिनखिडकीची पट्टी

आमच्या धंद्यातल्या चित्रात कधी कूलर नसतो. संगणकावर काढलेल्या त्या चित्रात पडदे असतात, कुंड्या असतात, सोफ्यावर पाय दुमडून बसलेली एक बाई असते. पण एप्रिल ते जून नागपूरच्या खिडकीला चिकटून बसणारा, वाळ्याच्या ताट्यांचा, खाली पाणी गाळणारा पत्र्याचा कूलर नसतो. म्हणून कोणी नवं घर घेऊन माझ्याकडे आलं, की भिंतीच्या रंगाचं बोलण्याआधी मी विचारतो, "कूलर कोणत्या खिडकीला लागेल? आणि पावसाळ्यात कुठे जाऊन बसेल?"

एका नव्या जोडप्याने मला ठणकावून सांगितलं होतं, कूलर येणारच नाही, आमच्याकडे एसी आहे. ती खिडकी झाका आणि त्यावर टीव्हीचं पॅनल करा. मी करून दिलं. पहिल्याच मे महिन्यात मुलाचे वडील गावाहून आले. त्यांना एसीत झोप येईना. "डोकं जड होते," म्हणाले, "मले पाण्याची हवा पाहिजे." मुलाचा फोन आला. मी जाऊन पॅनलचे चार स्क्रू काढले. मागे खिडकी जशीच्या तशी होती. झाकली होती, बुजवली नव्हती. मीही नागपूरचाच आहे.

इतकी वर्षं लोकांची घरं आतून लावून दिल्यावर मला एवढं कळलं, की लोक सांगतात एक आणि राहतात दुसरं. सांगणं ऐकायचं आणि राहणं मोजायचं, हे माझं काम.

मोजण्याची मला खोडच आहे. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी टेबलाची उंची बोटांनी मोजतो आणि बायकोची बोलणी खातो. आमच्या स्वतःच्या कपाटाला कित्येक वर्षं मूठ नाही, हे ती त्याच वेळी सगळ्यांना सांगते. असो. सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात आणि त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. कपाटाचं दार दोन सूत चुकलं तर घासतं, तीन सूत चुकलं तर लागतच नाही. इंचाची चूक गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी दिसते. सुताची चूक रोज थोडी थोडी दिसते. भांडणं सुतावरून होतात.

निखारे काकूंची आणि माझी ओळखही या सुतावरूनच झाली.

निखारे काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. कोळशाच्या जागी निखारे, हा विनोद त्यांच्या नोकरीइतकाच जुना होता, तरी नव्या माणसाला ते तो एकदा ऐकवीतच. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं. मुलाने, प्रशांतने, नागपुरात नंदनवनला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि तो मोबाइलभर स्वयंपाकघराची चित्रं घेऊन माझ्याकडे आला. मुठी नसलेली कपाटं, दाबलं की आपोआप बाहेर येणारे ड्रॉवर, वर उघडणारी फडताळं. जाता जाता म्हणाला, "आईला जरा कमी दिसतं. काचबिंदू आहे. किचनमध्ये लाइट जास्त द्या."

मी म्हटलं, मला तुमचं जुनं घर बघू द्या. हीही माझी एक खोड. नवं घर सगळेच मोजतात. पण माणसाच्या सवयी जुन्या घराच्या मापाच्या झालेल्या असतात आणि ते माप कोणी घेत नाही.

एका रविवारी प्रशांत मला खापरखेड्याला घेऊन गेला. तळमजल्यावरचं क्वार्टर, अरुंद स्वयंपाकघर. कडप्प्याचा ओटा, समोर पूर्वेची खिडकी, उजव्या हाताला सिंक, डाव्या कोपऱ्यात माठ. ओट्याच्या वर, खिडकीच्या बाजूला, एक उघडी फळी आणि तिच्यावर लाल झाकणांचे सारखे डबे. आम्ही गेलो तेव्हा काकू खिडकीखालची दगडी पट्टी फडक्याने पुसत होत्या. फडकं राखाडी झालं होतं.

"राख आहे," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ पुसा लागते. नाही पुसली तं भाजीत येते. हे ड्युटीवर जात तवा मी राखेवरून सांगो, आज सारे बॉयलर चालू आहेत, आज यायले उशीर होते."

"खरंच सांगे," काका म्हणाले. "आमच्या साहेबापेक्षा हिले जास्त माहीत राहे."

मी टेप लावून माप सांगत होतो आणि काका कागदावर लिहून घेत होते. "ओट्याची उंची तीस इंच तीन सूत. ओट्यापासून फळी एकोणीस इंच पाच सूत."

काकूंचा हात थांबला. "सूत? कोणतं सूत गा भाऊ?"

मी इंचाचे आठ भाग समजावून सांगितले.

"अवं माय! लाकडातबी सूत राहते काय?" काकू हसायला लागल्या. "माझं माहेर उमरेडचं. बाबा मागावर बसत अन् मी कांड्या भरो. सूत म्हटलं तं मले वाटलं, आमच्याच घरचं कोणी आलं."

"आमचं सूत दिसत नाही, काकू. नुसतं मोजायचं."

"मंग चांगलं आहे. तुटत नसन."

तिथे आमचं सूत जुळलं म्हणायला हरकत नाही.

फळीची खोली मोजायला मी चार डबे बाजूला केले आणि माप झाल्यावर परत ठेवले. मग काकूंनी चहा ठेवला. मी त्यांचा हात पाहत होतो. गॅसचं बटण, पातेलं, चहाचा डबा, साखरेचा डबा. हात कुठे अडखळला नाही, कुठे चाचपडला नाही. मनात म्हटलं, या बाईला कमी दिसतं असं कोण म्हणतं?

चहा आला. काकांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा घोट घेतला. प्रशांतने घोट घेऊन कप खाली ठेवला. मी माझा घोट घेतला आणि तो गिळावा की नाही ते कळेना. चहात मीठ होतं. शेवटी काकूंनी स्वतःचा कप तोंडाला लावला.

"मीठ पिऊन राहिले सारे! अन् तोंडं काहून बंद आहेत तुमची?"

"चांगला झाला वं," काका म्हणाले. "मठ्ठ्यासारखा लागते."

"चूप बसा. मठ्ठा म्हणे."

प्रशांत हसला नाही. तो नोकरीसाठी नागपुरात राहायचा, रविवारी यायचा, आणि या घरात आई कधी चुकलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने उठून फळीवरचा एक डबा उचलला आणि आईसमोर धरला.

"आई, हे काय आहे?"

"डबा."

"कशाचा?"

काकू म्हणाल्या, "तिथं असला तं साखरेचा. तुह्या हातात असला तं मले काय माहीत?"

काकांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली हळूहळू जाईल. दोघा नवरा-बायकोंनी ते मुलापासून झाकून ठेवलं होतं. खरं म्हणजे ते त्यांच्यासाठी त्या स्वयंपाकघराने झाकलं होतं.

"नव्या घरी तू गॅसजवळ जायचं नाही," प्रशांत म्हणाला. "स्वयंपाकाला बाई लावतो. तू आरामात बस."

"बसू?" काकू म्हणाल्या. "कुठं बसू? अन् बसून काय करू?"

मी मध्ये बोललो. म्हटलं, डबे मी हलवले होते. परत ठेवताना मागेपुढे झाले.

"पाह्य!" काकूंनी ओट्यावर हात आपटला. "हात नाही चुकला माझा. डबा चुकला."

बराच वेळ मायलेकांचं चाललं. शेवटी प्रशांत म्हणाला, "ठीक आहे. नव्या घरात पहिल्या दिवशी तू एकटीनं चहा कर. कोणी बोलणार नाही, कोणी हात लावणार नाही. जमला तर किचन तुझं. नाही जमला तर बाई येईल, आणि मग तू काही बोलायचं नाही."

"मंजूर," काकू म्हणाल्या. मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाल्या, "भाऊ, आता तुमच्या हातात आहे. साखर साखरेच्या जागी पाहिजे."

गिऱ्हाईक साधारणपणे मला म्हणतं, काहीतरी नवीन करून द्या. पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं, काही नवीन करू नका.

ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. नंदनवनच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने ओटा पूर्वेच्या भिंतीला, खिडकीखाली दिला होता, म्हणजे क्वार्टरसारखाच. पण पाणी वाहून नेणारा पाइप उत्तरेच्या टोकाला. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तर तो डाव्या हाताला येतो. काकूंचं सगळं आयुष्य सिंक उजव्या हाताला. पाइप दुसऱ्या टोकाला न्यायचा तर पाण्याला उतार हवा, उतारासाठी जमीन चार इंच उचलावी लागणार, आणि जमीन उचलली की दारात पायरी. ज्या बाईला दिसत नाही तिच्या स्वयंपाकघराच्या दारात मी पायरी करणार नव्हतो. सिंक डावीकडे ठेवून बाकी सगळं तसंच ठेवावं म्हटलं, तर गॅस आणि पाणी यांच्यातली प्रत्येक हालचाल उलटी होते. गरम पातेलं उलट्या बाजूला जातं. आरशात पाहून भांग पाडण्यासारखं.

त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मी डोळे मिटून काकूंसारखा चहा करून पाहत होतो. मिस्त्री दारात उभा राहून पाहत होता. साहेबांचं काय चाललंय ते विचारायची त्याची हिंमत होईना. माझा हात दरवेळी सिंकसाठी उजवीकडे जायचा आणि भिंतीवर आपटायचा. तेवढ्यात फोन वाजला. फोन मागच्या कोनाड्यात होता. मी वळलो, फोन घेतला, आणि सवयीने उजवा हात बाजूला टाकला. हात पाइपवर पडला.

पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड केलं की उत्तर उजवीकडे येते. शाळेत चौथीच्या मुलाला येतं ते मला इतके दिवस सुचलं नव्हतं. बिल्डरचा ओटा तोडायचा आणि समोरच्या भिंतीला नवा घालायचा. पायरी नको, उतार नको.

काका ऐकून हादरले. "पश्चिमेकडे तोंड करून सैंपाक? लोक काय म्हणतीन? अन् वास्तूचं काय?"

त्या दिवशी काकू पहिल्यांदाच फ्लॅट पाहायला आल्या होत्या. पाहायला म्हणजे, प्रशांतचा दंड धरून. त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सकाळ होती.

"पूर्वेकडे तोंड करून मले आता काय दिसते?" त्या म्हणाल्या. "ऊन आलं हे समजलं म्हणजे झालं ना? ते पाठीलेबी समजते."

वास्तूवर याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. काकांनीही मग वास्तूचं नाव काढलं नाही.

मग मी ते स्वयंपाकघर सुतासुताने बांधलं. आजकाल ओटा चौतीस इंच करतात; मी तीस इंच तीन सूत केला. मिस्त्री म्हणाला, "साहब, गलत लिखा है क्या?" मी म्हटलं, बरोबर आहे. ड्रॉवर नाहीत, कारण ड्रॉवर ओढला की आतल्या वस्तू जागा सोडतात. वर उघडणारी दारं नाहीत, कारण उघडं राहिलेलं दार कपाळाला लागतं. उघडी फळी, जुन्याच उंचीवर, आणि तिच्यावर प्रत्येक डब्याला लाकडी पट्ट्यांचा वेगळा खाना, म्हणजे माझ्यासारख्या एखाद्याने डबे हलवले तरी ते रस्ता चुकणार नाहीत. ओट्याच्या कडेला खालून दोन खाचा. बोट लागलं की समजावं, शेगडी इथे सुरू झाली आणि इथे संपली. फडक्याचा खिळासुद्धा उजवीकडे, होता तिथेच. भिंतीत एक पिलर आडवा येत होता, त्यामुळे डावीकडे ओटा थोडा आखूड झाला आणि माठ दाराबाहेर गेला. काकू अजून म्हणतात, "माह्या माठाले वनवासात पाठवलं."

पहिल्या दिवशी सकाळी सगळे जमलो. प्रशांत भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात काखेत दाबून, जणू ते आपोआप पुढे जातील अशी त्याला भीती होती. काका दाराबाहेर, माठाशेजारी. कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

काकूंनी ओट्याच्या कडेवरून एकदा तळवा फिरवला. बोट खाचेत गेलं. त्यांनी दुसरी खाच शोधली नाही; एक पुरली. पातेलं, पाणी, गॅस. हात वर गेला, चहाचा डबा. हात परत गेला, साखर. दुधाचं पातेलं उजवीकडून. गाळणी खिळ्यावरून. हे सगळं मी आधी पाहिलं होतं, खापरखेड्यात. जसंच्या तसं. प्रशांतने घोट घेतला आणि नुसती मान हलवली. मग आईला ती दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "गोड आहे, आई."

"मंग? साखर गोडच राहते," काकू म्हणाल्या. स्वयंपाकघर त्यांचं झालं.

आणि मग त्यांनी खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि सवयीने हात समोर नेला, खिडकीखालची पट्टी पुसायला.

हात टाइलवर आपटला.

समोर खिडकी नव्हती. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती, मीच ती तिथे पाठवली होती. काकूंनी हात थोडा खाली नेला, थोडा वर नेला. मग फडकं धरलेला हात तसाच टाइलवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. एवढा वेळ ते क्वार्टर होतं, त्या क्षणापासून तो नंदनवनचा फ्लॅट झाला.

"इथं राख पडत नाही ना," त्या म्हणाल्या. कोणाला विचारत नव्हत्या.

प्रशांत म्हणाला, "बरं झालं ना, आई. सुटली रोजची कटकट."

"हो," काकू म्हणाल्या. "सुटली."

मी जुना कागद काढला. खिडकीची पट्टी, ओट्यापासून नऊ इंच एक सूत. आठवड्याने मिस्त्रीला घेऊन गेलो आणि पश्चिमेच्या भिंतीत, टाइलवर, त्याच उंचीवर, तेवढ्याच लांबीची कडप्प्याची पट्टी बसवली. वर खिडकी नाही. नुसती भिंत.

"याचा उपयोग काय?" प्रशांतने विचारलं.

माझ्या धंद्यात प्रत्येक फळीला उत्तर असतं. वर काय ठेवायचं, किती वजन पेलेल. मी म्हटलं, "काही नाही."

आता काकूंना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. खापरखेड्यातल्या त्यांच्या क्वार्टरांची ओळ रिकामी पडली आहे. मध्यंतरी त्या बाजूला कामाला गेलो तेव्हा पाहिलं, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत एक वेल गेली होती. म्हणजे ते स्वयंपाकघर आता फक्त नंदनवनला, दुसऱ्या मजल्यावर उरलं आहे, उलट्या तोंडाने.

त्यांच्याकडून घरी परतताना मला दरवेळी माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवतं. नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो. आता तिथे कापडाच्या दुकानाचं गोदाम आहे. इतके ओटे मोजले, पण तिच्या ओट्याची उंची मला माहीत नाही. तेव्हा हातात टेप नव्हता. एवढंच आठवतं, की गुळाच्या डब्यासाठी पाटावर उभं राहून, टाचा उचलून, उजवा हात वर करावा लागे. कधी डोळे मिटून तो हात वर करून पाहतो. पण हा हात आता पाच फूट सात इंचांच्या माणसाचा आहे. तो डब्याच्या कितीतरी वरून निघून जातो.

काकूंकडे अजून जातो. कारण काढून जातो. एखादा स्क्रू ढिला आहे का पाहायला. आता त्या मला 'तू' म्हणतात. परवा गेलो तेव्हा त्या ती पट्टी पुसत होत्या. डावीकडून उजवीकडे, सावकाश, कोपऱ्यात बोट घालून. पुसून झाल्यावर त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं.

"पाह्य बरं भाऊ, काही लागलं काय?"

फडकं पांढरं स्वच्छ होतं. मापाच्या बाबतीत मी आजवर कोणाशी खोटं बोललेलो नाही. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

"लागली आहे, काकू," मी म्हटलं. "सूतभर असेल."

काकू खो खो हसत सुटल्या, इतक्या की बाहेरून काकांनी विचारलं, काय झालं वं?

"सूतभर!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अरे, सूतभर तं खापरखेड्यातबी नव्हती पडत गा! माह्या बोटाले समजत नाही काय?"

मग त्यांनी ते फडकं नळाखाली धरलं, दोनदा चोळलं, घट्ट पिळलं, उजव्या हाताच्या खिळ्याला वाळत घातलं, आणि साखरेच्या डब्याकडे हात नेला.